सोनोग्राफीत पीसीओडी आलंय, मुलगी 17 वर्षांची आहे. भाकरी बंद करायची का?

भाकरी राहू द्या ताई, आधी रिपोर्टचं बघू. पीसीओडी म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबण्याचा अंडाशयाचा त्रास.

पहिली पाळी 13व्या वर्षी आली, आता दोन-अडीच महिन्यांनी येते, असं तुम्ही लिहिलंय. किशोरवयीन मुलींत सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. या वयात निरोगी मुलींच्याही अंडाशयात खूप बीजपुटिका, म्हणजे बीजाच्या छोट्या पिशव्या, दिसतात. रिपोर्टमधल्या 'गाठी' त्याच; त्या काढायच्या नसतात.

मग बघायचं काय? पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर 35 दिवसांपेक्षा जास्त अंतर म्हणजे अनियमित. ते तुमच्याकडे आहेच. सोबत हनुवटीवर राठ केस, न हटणारी मुरुमं किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) जास्त, यांपैकी काही असेल तरच पीसीओडी म्हणता येतं. त्याआधी रक्तात टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) आणि 17-ओएच प्रोजेस्टेरॉन (अॅड्रिनल ग्रंथीसाठी) तपासून दुसरी कारणं बाजूला काढतात. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं. तीन महिने गोळ्या बंद ठेवून तपासतात, पण तेही डॉक्टरांना विचारूनच. साखर नुसती उपाशीपोटी तपासून भागत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं.

हार्मोनच्या गोळ्यांनी आलेली पाळी म्हणजे गोळी थांबल्यावर होणारा रक्तस्राव. त्याने बीज सुटायला लागत नाही, म्हणून पुन्हा लांबतं. तरी त्या गोळ्या वाया जात नाहीत. 90 दिवस पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, त्यामुळे तेवढी वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. तारखा कॅलेंडरवर लिहा.

आता ताट. बऱ्याच जणींत इन्सुलिन जास्त असतं आणि ते अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं. ज्वारीची एक-दीड भाकरी चालेल, सोबत वाटीभर उसळ हवीच. कडक भाकरी मात्र मोजून द्या. कुरकुरीत म्हणून चार कधी संपतात कळत नाही! शेंगा चटणी दोन चमचे, वर तेलाची धार नको. वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी पुष्कळदा पाळी सुधारते. बारीक मुलीला उपाशी ठेवू नका, पाळी आणखी लांबेल.

चालणं रोज तासभर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. आठवड्यातून तीन दिवस उठाबशाही.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन (इन्सुलिन नीट चालावं म्हणून देतात ती गोळी) दिलं तर जेवणासोबत, 500 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत. एकदम पूर्ण डोस घेतला की जुलाब होतात आणि मुली गोळीच सोडून देतात. हनुवटीच्या राठ केसांवरच्या औषधाचा फरक सहा महिन्यांआधी शोधू नका.