बीजिंगचा समर पॅलेस जाळून पुन्हा बांधलेला आहे, मग एकच दिवस हाताशी असताना तिथे जाण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बीजिंगमध्ये एक दिवस मोकळा आहे, समर पॅलेसचं नाव सगळे घेतात, पण तो 'ओरिजिनल नाही' असं वाचल्यापासून मन मागे हटतंय. माझं म्हणाल तर जरूर जा, आणि दोन तासांत उरकू नका, अख्खा दिवस द्या.

आधी काय जळलं ते बघू. चिएनलुंग बादशहानं 1750 मध्ये आईच्या षष्ट्यब्दीनिमित्त समर पॅलेसचं हे शाही उद्यान करायला घेतलं. तळं खोदून मोठं केलं आणि निघालेली माती टेकडीवर चढवली. 1860 च्या ऑक्टोबरात, चीनविरुद्धच्या दुसऱ्या अफू युद्धाच्या अखेरीस, ब्रिटिश फौजेनं हे उद्यान आणि शेजारचं युआनमिंगयुआन हे दुसरं शाही उद्यान पेटवून दिलं. हुकूम ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिनचा. वाटाघाटीला गेलेल्या ब्रिटिश-फ्रेंच बाजूच्या लोकांना चिनी सरकारनं कैद केलं होतं, त्यातले बरेच हाल होऊन मेले. त्यांत हिंदी घोडेस्वारही होते. त्याचा हा सूड. हाच एल्गिन 1862 मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, दुसऱ्याच वर्षी वारला, आणि त्याची कबर धरमशालाजवळ आहे. ज्या अफूवरून ही युद्धं पेटली, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती. आपल्याकडून जाणाऱ्या माणसाला ही आग अगदी परकी वाटत नाही, ती यामुळे.

पुढे 1880 च्या दशकात राजमाता त्सीशीनं उद्यान पुन्हा उभं केलं आणि 1888 मध्ये त्याला यिहेयुआन हे आजचं नाव मिळालं. आरमाराच्या नावाचा पैसा या कामाकडे वळला, ही गोष्ट चीनमध्ये आजही रागानं सांगितली जाते, कारण 1894-95 च्या युद्धात जपाननं त्या आरमाराचा धुव्वा उडवला. 1900 मध्ये परकी फौजांनी पुन्हा नासधूस केली, पुन्हा डागडुजी झाली. म्हणजे 'पुन्हा बांधलेलं' म्हणून तुम्ही जे टाळू बघताय, तेही सव्वाशे वर्षांहून जुनं आहे आणि त्याच दरबारानं बांधलेलं आहे.

दुसरं म्हणजे, आगीत लाकूड गेलं. तळं आणि टेकडी कुठे जाणार? जवळपास 290 हेक्टरांपैकी तीन चतुर्थांश पाणीच आहे. पश्चिमेला बघितलं की पाण्यापलीकडे दुसऱ्याच एका टेकडीवरचा मनोरा दिसतो. तो उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, पण तो दिसावा अशा बेतानंच सगळी मांडणी केलेली आहे. ही मांडणी अजून तशीच आहे, आणि माझ्या मते खरी कलाकृती तीच आहे. शिवाय मूळ उद्यानातही कितीतरी गोष्टी दक्षिणेकडच्या शहरांतून उचललेल्या होत्या: बांध हांगचौच्या तळ्यावरून, कोपऱ्यातली छोटी बाग वूशीच्या एका बागेवरून, पाण्याकाठची बाजारपेठ सूचौवरून. बादशहाला दक्षिण आवडली, ती त्यानं घराजवळ आणली.

दिवस कसा घालवायचा ते सांगतो. मेट्रोच्या 4 नंबरच्या लाइननं बेइगोंगमेन स्टेशनला उतरून उत्तरेच्या दारानं आत शिरा. लगेच ती सूचौ पेठ लागते. ही मात्र खरोखर नवी आहे, 1990 ला पुरी झालेली. दुकानं, पूल, फोटो. फार वेळ घालवू नका. टेकडीच्या या मागच्या अंगाला तिबेटी धाटणीची देवळं आहेत आणि त्यांची रचना मेरू पर्वत आणि त्याभोवतीची चार द्वीपं अशी आहे. लहानपणापासून ऐकलेला मेरू बीजिंगमध्ये भेटल्यावर मी तिथे बराच वेळ रेंगाळलो.

माथ्यावर पोचलात की थांबा. इथलं झिहुईहाय मंदिर 1860 मधून वाचलं, कारण त्यात लाकडी तुळयाच नाहीत. सगळं वीटकाम, वरून हिरव्या-पिवळ्या चकचकीत कौलकामाचं आवरण. भिंतीवर ओळीनं हजाराहून जास्त छोटे बुद्ध बसवलेत. भिंतीला नाक लावून बघा: वरच्या रांगा शाबूत, आणि माणसाचा हात पोचेल त्या उंचीवर बऱ्याच मूर्तींची तोंडं फोडलेली. त्याच्या खालच्या बाजूचा भव्य बुद्ध-मनोरा मात्र जळाला होता, तो त्सीशीच्या काळात परत चढवला. वाचलेलं आणि नवं असं पायऱ्यांच्या एकाच वाटेवर लागोपाठ दिसतं.

मनोऱ्यावरून तळ्याकडे उतरलात की 728 मीटरचा लांब सज्जा, म्हणजे छपराखालची चालायची वाट, लागते. दर तुळईवर चित्र: डोंगर, पक्षी, जुन्या कादंबऱ्यांतले प्रसंग. रंग ताजे दिसतात म्हणून नाक मुरडू नका. उघड्यावरच्या लाकडावरची चित्रं अधूनमधून रंगवावीच लागतात, आणि ती रंगवणारे कारीगर टिकले म्हणूनच हा सज्जा टिकला.

सज्जाच्या पश्चिम टोकाजवळ 'संगमरवरी' नौका आहे. खालचा भाग खरोखर दगडाचा, 1755 चा. वरचा मजला जळाला, तो 1893 मध्ये लाकडात केला आणि दगडासारखा रंगवला. जवळून बघितलं की राखाडी शिरा कुंचल्यानं ओढलेल्या कळतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वस्तूत हवं असेल तर ते इथे आहे.

तिथून लाँचनं पलीकडे बेटावर जा (हिवाळ्यात तळं गोठतं, तेव्हा लाँच बंद), मग 17 कमानींचा पूल चालत ओलांडा. कठड्याच्या खांबांवर 544 सिंह आहेत, प्रत्येकाचा चेहरा निराळा. शेवटी काठाकाठानं पूर्वेच्या वाड्यांत या. त्यातला युलानथांग चुकवू नका. 1898 मध्ये सुधारणा करू पाहणाऱ्या ग्वांगशू बादशहाला त्सीशीनं इथे कोंडलं. बाजूच्या दालनाच्या दारातून आत बघा, समोर विटांची आंधळी भिंत उभी आहे, त्यानं बाहेर पडू नये म्हणून बांधलेली. या अख्ख्या फेरीत मला सर्वांत जास्त हलवलं ते या भिंतीनं.

झुहाय शहरात 1997 मध्ये उघडलेलं युआनमिंगयुआनच्या नावाचं पार्क आहे, त्याबद्दल विचारलं असतंत तर मी इतका आग्रह केला नसता. ते दक्षिणेत, दुसऱ्याच भूमीवर आहे. तिथे जागा नवी आणि वास्तूही नव्या.

तिकीट ऑनलाइन काढा, पासपोर्ट जवळ ठेवा, आणि साध्या प्रवेशाऐवजी सगळं मिळून असलेलं तिकीट घ्या, नाहीतर मनोरा आणि सूचौ पेठेचे वेगळे पैसे पडतात. आई-वडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तर टेकडी गाळा: पूर्वेच्या दारानं शिरा, युलानथांग, सज्जा, नौका, लाँच, पूल असा सपाटीचा फेरा करा. सज्जात बसायला सगळीकडे कट्टे आहेत.