आधी आकडा बोला, मग फासे टाका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोरिवलीला चौघांचा गट, दर रविवारी वॉरहॅमरचा, म्हणजे छोट्या सैनिक-पुतळ्यांनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळाचा डाव, आणि गेल्या रविवारी एका चार्जवरून पाऊण तास वाद. चार्ज म्हणजे शत्रूवर धावून जाणं: दोन फाशांची बेरीज येईल तितके इंच धावता येतं. फासे पडले आठ. एक म्हणतो पोचलो, दुसरा म्हणतो नऊ लागत होते, मध्ये कुणाचा तरी हात लागून मॉडेल, म्हणजे पुतळा, सरकलं. डाव मोडला आणि एक भिडू तेव्हापासून फोन उचलत नाही. नियमपुस्तक दोघांनीही उघडलं, दोघांनाही आपल्या बाजूचं वाक्य सापडलं.

सापडणारच. फासे पडल्यावर पुस्तक उघडणारा माणूस नियम शोधत नसतो, स्वतःचं वकीलपत्र घेऊन बसलेला असतो. मी पंधरा-सोळा वर्षं हे खेळतोय आणि त्यातली पहिली चार अशाच भांडणांत घालवली आहेत. माझ्या मते तुमचा वाद नियमाचा नव्हताच. चार्जचा नियम चौघांनाही पाठ असेल. वाद अंतराचा होता, आणि ते फासे टाकायच्या आधी दोघांनी मिळून मोजलं नव्हतं.

एका इंचाने काय बिघडतं ते बघा. दोन फाशांवर आठ किंवा जास्त पडण्याच्या शक्यता ३६ पैकी १५. नऊ किंवा जास्त, ३६ पैकी १०. म्हणजे ४२ टक्क्यांवरून थेट २८ वर. एवढं पणाला लागलं असेल तर सज्जनातला सज्जनही भांडेल.

आमच्याकडे आता चार्ज असा होतो. टेप लावायची, दोघांनी वाकून बघायचं. एका बेसच्या (मॉडेलच्या पायाखालच्या चकतीच्या) कडेपासून दुसऱ्या बेसच्या कडेपर्यंत, भाल्याच्या टोकापासून नाही. टेप मध्ये झोळ खात असेल तर ताणून धरायची. मग चार्ज करणारा मोठ्याने म्हणतो, "आठ लागतात." समोरचा म्हणतो, "आठ." आणि मगच फासे. समोरचा "नऊ" म्हणाला तर वाद तिथेच होतो, पण तेव्हा फासे अजून मुठीत असतात, आकडा कोणाच्या पथ्यावर पडणार हे दोघांनाही ठाऊक नसतं. अशा वेळी माणसं आश्चर्यकारकरीत्या समजूतदार वागतात. मॉडेल उचलायचंच झालं तर त्याच्या जागी एक फासा ठेवायचा. कागदाचा तुकडा नको, तो पंख्याने उडतो.

दिसण्या-न दिसण्याचंही तसंच. "हे तिघे भिंतीआड ठेवतोय, तुझ्या तोफेला दिसू नयेत म्हणून. नाही ना दिसत?" समोरचा "नाही" म्हणाला की झालं. पुढच्या पाळीत कुणाच्या शिरस्त्राणाचा तुरा दिसतो म्हणून नजरेची रेषा तपासायला लेझर काढून बसायचं नाही.

बिल्डिंगमध्ये क्रिकेट खेळताना आपण वेगळं काय करायचो? पहिल्या मजल्याच्या खिडकीला डायरेक्ट लागला तर आऊट, हे टॉसच्या आधीच ठरायचं. बॉल काचेला लागल्यावर ठरवायला बसलं की रडीचा डाव.

माझाच रडीचा डाव सांगतो. माटुंग्याला मित्राच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, शेवटची पाळी. मला सहा हवा होता. फासा पडक्या चर्चच्या भिंतीला टेकून तिरका थांबला, वरच्या अंगाला सहा. मी म्हटलं सहा, तो म्हणाला परत टाक. परत टाकला, एक पडला. मी महिनाभर त्याच्याशी धड बोललो नाही, वय वर्षं ३४. आता साधी कसोटी लावतो: तिरक्या फाशावर दुसरा फासा ठेवायचा. टिकला तर आकडा धरायचा, घसरला तर परत टाकायचा. आणि फासे टेबलावर टाकायचेच नाहीत, मिठाईच्या खोक्याच्या झाकणात टाकायचे.

आपल्या टेबलांवर एक खास मराठी भानगडही असते, 'आत' या शब्दाची. पुस्तकात 'विदिन' असतं तिथे बेसचा कुठलाही भाग हद्दीत आला तरी चालतो. 'होली विदिन' (wholly within) असतं तिथे अख्खा बेस आत लागतो. बोलताना आपण दोन्हीला "सहा इंचांच्या आत" म्हणतो आणि मग भांडतो. आम्ही "शिवून" आणि "अख्खा आत" असे शब्द लावून घेतलेत. निम्मी कटकट गेली.

एवढं करूनही नियम खरोखर संदिग्ध निघतोच कधी. तेव्हा घड्याळ लावून दोन मिनिटं शोधायचं. आधी कंपनीची दुरुस्तीपत्रकं, मग युनिटचा, म्हणजे त्या तुकडीचा खास नियम, सर्वसाधारण नियम शेवटी. नाहीच सापडलं तर फाशावर कौल घ्यायचा. वॉरहॅमरच्या जुन्या पुस्तकांत हा उपाय छापलेलाच होता. पण मला तो सरसकट आवडत नाही. ज्याच्या म्हणण्यात दहा टक्केही दम नाही त्याला फुकटात पन्नास टक्के संधी मिळते, आणि ज्याला हे कळतं तो प्रत्येक पाळीत वाद काढतो. त्यामुळे दोघांनाही "खरंच कळत नाही" असं वाटत असेल तरच कौल. नाहीतर डावात नसलेल्या तिसऱ्याला विचारा. तुम्ही चौघे आहात, म्हणजे दोघे खेळत असताना पंच घरातच आहे. ही काही पळवाट नाही. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ या लेफ्टनंटने सैन्याधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ मांडला, त्यातही पंच होताच. खेळणारे हुकूम द्यायचे, ठोकळे पंच हलवायचा. पुढे नियमांचा इतका पसारा झाला की १८७६ मध्ये फर्डी द्यू व्हेर्नुआ या त्यांच्याच अधिकाऱ्याने म्हटलं, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या.

पंचाचा निकाल त्या दिवसापुरता. तो वहीत लिहायचा आणि पुढच्या डावाआधी, चहाच्या वेळी, नीट पुस्तक काढून काय ते ठरवायचं. वही हवीच. व्हॉट्सअॅपवर ठरवलेलं गुड मॉर्निंगांखाली गाडलं जातं.

तुमच्या त्या चार्जबद्दल: सरकलेलं मॉडेल मूळ कुठे होतं हे आता कोणीच सांगू शकणार नाही, म्हणून तो निकाल मागू नका. फोन न उचलणाऱ्या मित्राला मेसेज करा की तो चार्ज लागला असं धरून, त्याच पाळीपासून पुढे खेळू, किंवा लागला नाही असं धरून. काय ते त्याने निवडावं. टेबलाचा फोटो काढलेला असेल तर मांडणी परत लावायला अर्धा तास पुरे. फक्त पश्चिम रेल्वेवर मेगाब्लॉक नसेल असा रविवार बघा.