खोबरेल थिजलं, मशीन थिजलं

या खेपेला निम्मी पत्रं तेला-वंगणाची आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या ग्रीसमध्ये हात बुडवतच मी मोठा झालो, तेव्हा हा विषय निघाला की माझी लेखणी जरा जास्तच घसरते. सांभाळून घ्या.

मामा, सासूबाईंचं पायमशीन माझ्याकडे आलंय. थंडी पडल्यापासून सकाळी इतकं जड चालतं की पोटऱ्या भरून येतात. दुपारी मात्र बरं चालतं. तेल तर मी दर आठवड्याला घालते. (एक गृहिणी, नाशिक)

ताई, कुठलं तेल ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण सकाळी जड, दुपारी हलकं, एवढ्यावरून सांगतो: खोबरेल. डोक्याला लावायच्या बाटलीतलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं. नाशिकच्या थंडीत न्हाणीघरातली बाटली ज्या सकाळी पांढरी होते, त्याच सकाळी मशीनच्या सांध्यांतही तेच झालेलं असतं. शिवाय सासूबाईंनीही तेच घातलं असणार. म्हणजे आत वर्षानुवर्षांचं जुनं तेल आणि कापडाचा भुगा यांची खळ तयार झाली आहे. तिच्यावर नवं तेल घालून उपयोग नाही, आधी ती काढायला हवी.

दोरा आणि बॉबिन काढा. तेलाच्या प्रत्येक भोकात आणि शटलच्या आजूबाजूला रॉकेलचे थेंब सोडा आणि दहा मिनिटं मशीन रिकामं पळवा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ निरांजन नको. तपकिरी राळ ओघळायला लागेल, ती जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपत राहा. माझ्या ओळखीच्या एका शिंप्याच्या मशीनमधून एवढी राळ निघाली होती, की फडकं त्याच्या बोटांना चिकटून बसलं! दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनचं तेल आणा, ते पातळ आणि जवळजवळ बिनरंगी असतं. एका भोकात एकच थेंब. मग चिंधीवर दोन-चार हात शिवून बघा, नाहीतर पहिला डाग ब्लाउजपीसवर पडायचा. आणि चामड्याच्या पट्ट्याला तेल लागू देऊ नका, तो घसरायला लागतो.

घरी मोठ्या भावाच्या कारचं सिंथेटिक ऑइल उरलं होतं. महाग आहे म्हणून ते मोटरसायकलमध्ये घातलं. आता चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पळत नाही. (एक विद्यार्थी, बार्शी)

दादा, तुझा क्लच घसरतोय. बहुतेक मोटरसायकलींमध्ये क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच ऑइलात बुडालेल्या असतात. कारचा क्लच कोरडा आणि वेगळ्या घरात, त्यामुळे कारच्या कित्येक ऑइलांत निसरडेपणा वाढवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती प्लेटांवर बसली की पकड गेली. ऑइल काढ, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं भर आणि बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ ही ऑइलात बुडालेल्या क्लचसाठीची खूण छापलीय का ते बघ. तेवढ्यानं सुधारलं नाही, तर प्लेटा बदलायला लागतील. ‘एमबी’ची बाटली बिनगिअरच्या स्कूटरसाठी, त्या गाडीचा क्लच कोरडा असतो. जाता जाता: बाटलीवरच्या २०डब्ल्यू-४० या ग्रेडमधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. वजनाशी त्याचा संबंध नाही, हे दुकानदारालाही सांग.

समुद्राजवळ घर आहे. फाटकाच्या कुलपावर दर आठवड्याला डब्ल्यूडी-४०चा फवारा मारतो, तरी ते अडकतं. (एक निवृत्त शिक्षक, मालवण)

गुरुजी, त्या डब्याच्या नावातच उत्तर आहे. डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हुसकावणं. ४० हा चाळिसाव्या प्रयोगाचा आकडा. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला ते बनवलं, तेव्हाचं काम होतं क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवणं. त्यात विरघळवणारं द्रव्य जास्त, ते उडून जातं आणि मागे तेलाचा पातळ पापुद्रा उरतो. तुमची खारी हवा त्याला आठवडाभरही टिकू देत नाही. म्हणून फवारा मारा, किल्ली फिरवून घाण बाहेर येऊ द्या, पुसा, आणि मग मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब आत सोडा. कुलपावर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा झाकणासारखा टांगा. पेन्सिलीच्या शिशाची पूड सोलापुरातल्या घरातल्या कुलपाला छान, मालवणात नको. खाऱ्या ओलीत ग्राफाइट गंजाला उलट मदत करतं.

सीलिंग फॅन कुरकुरतो. वरून तेल सोडू का? (पुणे)

नको. आत बेअरिंग आहेत, तेल सोडलं तर ते वाइंडिंगवर उतरेल किंवा पलंगावर. फॅन उतरवून बेअरिंग बदलून घ्या. त्यावर नंबर कोरलेला असतो, तो दाखवूनच नवं आणा.

कारच्या दाराची काच रडतखडत वर जाते. कडेला ग्रीस लावलं तर? (सांगली)

काच ज्या रबरात सरकते ते रबर आधी ओल्या फडक्यानं साफ करा, मग सिलिकॉन स्प्रे. ग्रीस रबराला मानवत नाही आणि आपल्याकडची धूळ त्यात बसली की पॉलिश पेपर तयार! ग्रीस दाराच्या बिजागरीला लावा, तिथे ते शोभतं.

मोटरसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक किंचाळत होता, मुलानं त्यावर तेलाचा फवारा मारला. आवाज थांबला. चालेल ना? (एक पालक, सातारा)

साहेब, आवाज थांबला आणि ब्रेकही थांबला. गाडी चालवत नेऊ नका, ढकलत न्या. डिस्क ‘ब्रेक क्लीनर’नं धुता येईल, पण पॅडनं तेल प्यायलं असेल तर ते फेकायचे.

मुलाला मात्र रागावू नका. मी हेल्पर होतो तेव्हा एका ॲम्बॅसिडरच्या ब्रेकची टाकी कमी दिसली, म्हणून हाताशी होतं ते इंजिन ऑइल ओतलं. तेलच ते, असं वाटलं. पण ब्रेक फ्लुइड हे खनिज तेल नव्हे, आणि ब्रेकच्या आतल्या रबरांना खनिज तेल बाधतं. दुसऱ्या दिवशी मालक अर्ध्या रस्त्यातून परत आले. ब्रेक सुटेना, चाकं तापून वास मारत होती. उघडलं तर सगळे रबर कप भिजवलेल्या हरभऱ्यासारखे टम्म. मास्टर सिलिंडरपासून सगळी रबरं बदलली, पाइप धुतले, पैसे माझ्या मिस्त्रींनी भरले. मला ते एक शब्द बोलले नाहीत. त्यातला एक फुगलेला कप मात्र माझा जेवणाचा डबा जिथे अडकवत असे त्या खिळ्याला बांधून ठेवला, आणि डबा घेताना रोज तो हाताला लागायचा.