रेणू सलुजा यांचं हिंदी सिनेमातलं योगदान नेमकं काय?

माझ्या मते, 'समांतर' आणि 'व्यावसायिक' सिनेमातली भिंत संकलनाच्या टेबलावर कुणी पातळ केली असेल, तर संकलक (फिल्म एडिटर) रेणू सलुजा यांनी.

जन्म १९५२चा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना खरं तर दिग्दर्शन शिकायचं होतं. तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून संकलन घेतलं आणि १९७६ मध्ये पदवी मिळवली. तेव्हा या खात्यात जवळपास सगळे पुरुषच असायचे.

१९८३ हे एकच वर्ष बघा. 'जाने भी दो यारों' आणि 'अर्धसत्य' दोन्ही त्यांनीच कापले. एकात महाभारताच्या नाटकाचा तो धमाल गोंधळ. विनोद पाव सेकंद उशिरा आला तरी पडतो, इथे तो पडत नाही. दुसऱ्यात सब-इन्स्पेक्टर वेलणकरची आतल्या आत धुमसणारी घुसमट, तिथे शॉट धरून ठेवायचं धाडस लागतं. दोन्हींची लय इतकी वेगळी की हात एकच आहे हे पटत नाही. मग 'परिंदा'मधला कबुतरखान्यावरचा खून: पंखांची फडफड आणि गोळ्या एकमेकांत मिसळलेल्या. तो प्रसंग एकदा आवाज बंद करून, फक्त कट मोजत बघाच.

'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' यांसाठी त्यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'बँडिट क्वीन'ही त्यांचाच. 'हैदराबाद ब्लूज'सारख्या अगदी छोट्या, नवख्या दिग्दर्शकाच्या सिनेमालाही त्यांनी हात लावला, याचं मला विशेष वाटतं.

ऑगस्ट २००० मध्ये कर्करोगाने त्या गेल्या, अवघ्या ४८व्या वर्षी.