अ‍ॅम्पवर ८ ओहम, स्पीकर ४ ओहमचे: तो सिमेंट रेझिस्टर आधी काढा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्पच्या मागे '८ ओहम, ४० + ४० वॉट' असं छापलंय, सेकंडहँड घेतलेले बुकशेल्फ स्पीकर मात्र ४ ओहमचे आहेत. दुकानदाराने 'इम्पिडन्स मॅच व्हायला हवा' (इम्पिडन्स म्हणजे आवाजाच्या सिग्नलला होणारा अडथळा, तोच ओहममध्ये मोजतात) म्हणून दोन्ही स्पीकरच्या लाल वायरीत ४ ओहम, १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर टाकून दिला. तेव्हापासून आवाज दबल्यासारखा येतो आणि डग्गा नको तितका घुमतो.

तुमचे कान बरोबर आहेत. स्पीकरही चांगले असतील. बिघाड त्या रेझिस्टरने केलाय.

अ‍ॅम्पच्या मागे छापलेले ८ ओहम हा अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स नाही. 'मला किती ओहमचा स्पीकर लावा' हे तो सांगतोय. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स बहुतेक वेळा ०.१ ओहमच्याही खाली असतो. मॅन्युअल असेल तर त्यात डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले आउटपुट इम्पिडन्स) बघा. ८ ओहमला १०० लिहिलं असेल, तर ८ भागिले १००, म्हणजे ०.०८ ओहम. तो स्पीकरशी जुळवायचा नसतोच, तो जितका कमी तितका बरा. घरातल्या प्लगचं उदाहरण घ्या. त्याच प्लगला आपण इस्त्री लावतो आणि मोबाइलचा चार्जरही लावतो, जुळवाजुळव कोणी करत नाही. प्लग व्होल्टेज धरून ठेवतो आणि ज्याला जेवढा करंट हवा तेवढा तो ओढतो. फक्त वायरिंगला झेपेल इतकाच ओढायचा. अ‍ॅम्प आणि स्पीकरचं नातं हेच आहे.

'सोर्स (पॉवर देणारा) आणि लोड (ती घेणारा) सारखे असले की जास्तीत जास्त पॉवर मिळते' हे कॉलेजात शिकलेलं वाक्य खोटं नाही, पण त्याचा प्रश्न वेगळा आहे. सोर्सचा इम्पिडन्स ठरलेला आहे आणि तो कमी करता येत नाही, तर लोड किती ठेवू, याचं ते उत्तर आहे. तसं जुळवल्यावर निम्मी पॉवर सोर्समध्येच जळते. आपल्याकडे स्पीकर ठरलेला असतो आणि सोर्स हवा तितका खाली आणता येतो.

आता तुमचा डग्गा. ४ ओहमचा स्पीकर सगळ्या फ्रिक्वेन्सींना ४ ओहमचा नसतो. खालच्या रेझोनन्सपाशी (ज्या सुराला स्पीकर आपसूक जास्त हलतो तिथे), बुकशेल्फमध्ये साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात, त्याचा इम्पिडन्स सहज ३० ओहमपर्यंत चढतो. मधे ४ ओहमचा रेझिस्टर बसवला की जिथे स्पीकर ४ ओहमचा आहे तिथे व्होल्टेज निम्मं होतं, म्हणजे ६ डेसिबल कमी. जिथे तो ३० ओहमचा आहे तिथे मात्र जेमतेम १ डेसिबल कमी. म्हणजे बाकीच्या आवाजाच्या मानाने तो पट्टा ५ डेसिबल वर उचलला गेला. डग्ग्याची घुमक बरीचशी तिथेच असते. शिवाय ठोका संपला तरी स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) हलत राहू पाहतो. त्याला जोडलेली हलणारी कॉइल स्वतः व्होल्टेज तयार करते, अ‍ॅम्पचा कमी इम्पिडन्स ते जवळजवळ शॉर्ट करतो आणि कोनला ब्रेक लागतो. रेझिस्टरने हा ब्रेक सैल केला. म्हणून नुसता जोर नाही, लांबलेली शेपटीही ऐकू येते.

माझ्याकडे दुरुस्तीला असाच एक जोड आला होता. टर्मिनलच्या मागे प्लायवूडला टेकवून सोल्डर केलेला रेझिस्टर आणि त्याच्या खाली लाकडावर बोटाएवढा तपकिरी डाग. मालकाने दोन वर्षं गाणी ऐकली, त्यातली निम्मी पॉवर त्या लाकडाला गरम करण्यात गेली. रेझिस्टर काढून थेट वायर जोडली, अभंगाची एक रेकॉर्डिंग लावली आणि पखवाजाची थाप जिथल्या तिथे थांबायला लागली. बाकी काही केलं नाही.

दुकानदाराला सरसकट दोष देणार नाही, कारण मॅचिंगची सवय जुनी आहे आणि तिला तेव्हा खरंच आधार होता. व्हॉल्व्हच्या (जुन्या काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पला ती आजही लागते. ६व्ही६सारखा व्हॉल्व्ह एकटा वापरला तर त्याला साधारण ५००० ओहमचा लोड हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर हे जुळवतो: ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५, म्हणून २५ ला १ असे वेढे. त्यामुळेच व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला ४, ८, १६ असे वेगवेगळे टॅप (जोडणीची टोकं) असतात आणि स्पीकर आपापल्या टॅपलाच लावायचा. स्पीकर न लावता तो अ‍ॅम्प वाजवला तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. मांडवातल्या भोंग्यांच्या अ‍ॅम्पवरही ४, ८, १६ आणि १०० व्होल्ट अशी टर्मिनल असतात. त्या कामात मुरलेला माणूस घरच्या सेटलाही तोच नियम लावतो.

मग ८ ओहम लिहिलेल्या अ‍ॅम्पला ४ ओहमचा स्पीकर चालेल का? इथे मात्र जपायला हवं. ८ ओहममध्ये ४० वॉट म्हणजे साधारण १८ व्होल्ट आणि सव्वादोन अँपिअर. तेच १८ व्होल्ट ४ ओहमवर गेले की करंट साडेचार अँपिअर. ट्रान्झिस्टर तापतात ते या करंटमुळे. पण बैठकीच्या खोलीत नेहमीच्या आवाजाला सरासरी एक-दोन वॉटच लागतात, त्यामुळे हळू ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा त्रास होत नाही. घरात कार्यक्रम म्हणून नॉब पार फिरवून तीन तास वाजवायचं असेल, तर मी या जोडीवर ते करणार नाही.

आधी स्पीकर खरंच ४ ओहमचा आहे का ते मल्टिमीटरने बघा. वायर काढून कॉइल मोजली तर ४ ओहमच्या स्पीकरला साधारण ३ ते ३.६ दिसेल आणि ८ च्या स्पीकरला साडेपाच ते सात. मीटर कमी दाखवतो म्हणून घाबरू नका, तो फक्त डीसी रेझिस्टन्स मोजतो. दोन्ही टोकं आधी एकमेकांना लावून मीटरच्या वायरींचा आकडा वजा करा. अडीचच्या खाली आलं तर लावू नका.

अ‍ॅम्पवर स्पीकर ए आणि बी असे दोन स्विच असतील, तर दोन्ही एकदम दाबू नका. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ते पॅरलल (समांतर) होतात आणि तुमचे ४ ओहम थेट २ वर येतात. ट्रान्झिस्टर उडालेले जे अ‍ॅम्प माझ्या टेबलावर आले, त्यांतले बरेच असे चार-चार स्पीकर लावूनच आले.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची पुरे, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते तीच. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.११ ओहमच्या आसपास होते, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्वतःच्या इम्पिडन्सइतकीच. म्हणून महागड्या केबलपेक्षा कमी लांबी आणि घट्ट स्क्रू यांवर भर द्या.

अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून दोन्ही रेझिस्टर काढा. वायरीचा एकही सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका. मग नेहमीच्या आवाजात तासभर वाजवून हीटसिंकवर (ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) तळहात ठेवा. पाच सेकंद ठेवता आला तर असंच वापरा. चटका बसून हात लगेच मागे घ्यावा लागला, तर ४ ओहम स्पष्ट लिहिलेला अ‍ॅम्प किंवा ८ ओहमचे स्पीकर शोधा, पण रेझिस्टर परत लावू नका. कॉइलचे दोन्ही आकडे आले की इथे लिहा. दोन स्पीकरमध्ये अर्ध्या ओहमपेक्षा जास्त फरक निघाला, तर एकाची कॉइल बदललेली असण्याची शक्यता आहे आणि मग आधी तो स्पीकर उघडून बघावा लागेल.