सोनेरी थर पंचावरून का सुटतो आणि कोटरकडे कोणती चाचणी मागावी

वागळे इस्टेटमधल्या तुमच्या डी२ या टूल स्टीलच्या पंचांवर (प्रेसमध्ये पत्रा कापणारी हत्यारं) टायटॅनियम नायट्राइडचं सोनेरी कोटिंग झालं, कोटरने (कोटिंग करून देणाऱ्याने) चिकटपट्टी ओढून 'पकड ओके' लिहून दिलं, आणि प्रेसवर धारेचा थर सुटला. आता कोणती चाचणी मागायची, हा तुमचा प्रश्न.

चिकटपट्टी रंगाला ठीक आहे, इथे तिचा काही उपयोग नाही. इपॉक्सीने चिकटवून ओढायची एएसटीएम सी६३३ (अमेरिकन मानक) चाचणीही मागू नका. ती थर्मल स्प्रेच्या, म्हणजे वितळवून फवारलेल्या, जाड थरांसाठी आहे. तुमचा थर असतो दोन-चार मायक्रॉनचा आणि त्याची पकड गोंदापेक्षा कितीतरी जास्त. गोंदच आधी तुटतो, मग रिपोर्टमध्ये आकडा येतो तो गोंदाचा.

तुमच्या टूलरूममधलं रॉकवेल मशीन (हार्डनेस मोजायचं) घ्या. सी स्केल, हिऱ्याचा कोन, १५० किलो लोड. पंचाच्याच पोलादाचा, त्याच लॉटमध्ये हार्डनिंग आणि कोटिंग झालेला तुकडा ठेवा, त्यावर तीन-चार ठसे मारा आणि १०० पट भिंगाखाली ठशाची कड बघा. डायलवरचा आकडा इथे बघायचाच नाही. कडेपासून केसासारख्या बारीक चिरा बाहेर गेल्या असतील आणि सोनेरी रंग अखंड असेल, तर पकड चांगली. कडेभोवती थर मोठ्या भागात उडून पांढरं पोलाद उघडं पडलं असेल, तर लॉट परत पाठवा. व्हीडीआय ३१९८ या जर्मन मार्गदर्शिकेत याच्या सहा पायऱ्या आहेत: एचएफ१ ते एचएफ४ चालतात, एचएफ५ आणि एचएफ६ नापास. सर्टिफिकेटवर नुसतं 'एचएफ१' नको, ठशाचा फोटो मागा.

दोन कोटरांत निवड करायची असेल तर स्क्रॅच टेस्ट करून घ्या. २०० मायक्रॉन टोकाचा हिरा वाढत्या लोडने थरावर ओढतात आणि पहिली चीर, पहिला टवका, पोलाद उघडं पडणं, हे किती न्यूटनला झालं ते नोंदवतात. पण पोलादाची हार्डनेस किंवा थराची जाडी वेगळी असेल तर ते आकडे एकमेकांशी लावू नका. माझ्या मते लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात.

आता खरं दुखणं. मला तुमच्या केसमध्ये कोटरपेक्षा आधीच्या कामावर जास्त संशय आहे. पंच वायरकटचे (विजेच्या तारेच्या ठिणग्यांनी कापलेले) आहेत ना? वायरकटने पृष्ठभागावर वितळून परत गोठलेला ठिसूळ थर राहतो. तो घासून काढला नाही तर कोटिंग त्यालाच घट्ट धरतं आणि दोघं मिळून सुटतात. सुटलेला पापुद्रा उलटा करून भिंगाखाली बघा. खालच्या बाजूला करडं काही चिकटलेलं दिसलं तर कोटरशी भांडण्यात अर्थ नाही.

दुसरं, टेम्परिंग, म्हणजे हार्डनिंगनंतर पोलाद पुन्हा ठरावीक तापमानाला तापवणं. डी२ २०० अंशांना टेम्पर केलं असेल आणि कोटिंगची भट्टी ४५० पर्यंत गेली, तर पोलाद आतून नरम पडतं. मग थर म्हणजे गादीवर ठेवलेली काच. कोटिंगला जाणारं डी२ ५०० अंशांच्या वरच, किमान दोनदा टेम्पर करून घ्या. कोटिंगच्या आधी आणि नंतर हार्डनेस मोजली की हे लगेच कळतं. नंतरचं माप कोटिंग नसलेल्या जागेवर घ्या.

सपाट जागेवरचा ठसा धारेबद्दल फारसं सांगत नाही, म्हणून कोटिंगला देण्याआधी धारेची कड किंचित घासून गोलसर करून घ्या.

ठशाचा आणि पापुद्र्याच्या खालच्या बाजूचा फोटो इथे टाका, टेम्परिंगचं तापमानही लिहा. मग नेमकं सांगता येईल.