सई आणि सखू

एका आजींचा प्रश्न आहे. नातीचं नाव 'सई' ठेवायचं घरात ठरतंय, पण कुणी म्हणतं हे 'साई'चं स्त्रीलिंगी रूप, तर कुणी म्हणतं या नावाला अर्थच नाही, हल्लीचं दोन अक्षरी नाव आहे झालं. खरं काय?

आजी, नाव निर्धास्त ठेवा. सई म्हणजे मैत्रीण. संस्कृतातली 'सखी' प्राकृतात 'सही' झाली आणि मराठीत येता येता तिच्यातला 'ह'ही विरला, उरली 'सई'. दोन स्वरांमधल्या 'ख'चा 'ह' होणं ही प्राकृताची नेहमीची रीत. 'लिख्' धातूपासून आपलं 'लिहिणं' असंच आलं. पुढे 'ह' गळतो, त्याचंही उदाहरण घरातलंच आहे: साधू, मग साहू, मग चोराच्या उलट असतो तो 'साव'. हिंदीतली 'सहेली'सुद्धा याच 'सही'ची लेक.

'गाथासप्तशती'त, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, मनातलं सांगताना नायिका मैत्रिणीला 'सहि' अशी हाक मारते. गंमत म्हणजे त्या ग्रंथाच्या प्राकृत नावातही, 'गाहासत्तसई'त, शेवटी 'सई' ऐकू येते. पण ती वेगळी, ती 'शती'पासून आलेली. प्राकृतात व्यंजनं इतकी झिजली की 'सती'चंही रूप 'सई'च होतं. म्हणून कुणी या नावाचा अर्थ 'सती' सांगितला, तर ध्वनीच्या नियमाने त्याला चूक म्हणता येणार नाही. मला मात्र तो अर्थ पटत नाही, कारण मराठी बायकांच्या तोंडी हा शब्द मैत्रिणीसाठीच राहिला. माझी आजी जात्यावर बसली की ओवीत 'सयांनो' म्हणून साद घालायची, तेव्हा तिच्यापुढे शेजारणी असायच्या, सती नव्हे. सुईच्या सुया, बाईच्या बाया, तशा सईच्या सया.

'साई'चा इथे काही संबंध नाही. साई आला 'स्वामी'वरून. रोमन लिपीत दोन्ही नावं बहुधा सारखीच लिहिली जातात, त्यातून हा घोळ होतो. देवनागरीत 'स'ला काना दिला की शब्दच बदलला.

आता 'हल्लीचं नाव' याबद्दल. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी, संभाजी महाराजांच्या मातोश्री सईबाई, फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या. १६५९ साली राजगडावर त्यांचं निधन झालं. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी हे नाव चांगलं रुळलेलं होतं. त्याहून मला हलवून गेलेली गोष्ट अशी, की याच सईबाईंच्या एका मुलीचं नाव सखूबाई. गंगाची गंगू, यमुनेची यमू, तशी सखीची सखू. आई सई, लेक सखू! एकच शब्द, एकदा झिजून आलेला आणि एकदा लाडाने 'ऊ' लावलेला. हा योगायोगही असेल, पण मला तो फार आवडतो.

आज मात्र सई शहरी, नाजूक वाटते आणि सखू गावाकडची, जुनाट. कऱ्हाडच्या संत सखूचं नाव आपण भक्तीने घेतो, पण मुलीला देत नाही. खरं तर त्या दोघींत संस्कृताला जवळची सखू, आणि लोकांच्या जिभेवर जास्त घासलेली सई. सखूला हसणाऱ्यांना हे जरूर सांगा.

एक गोष्ट तेवढी करा, आजी. नाव पत्रिकेत 'सई' लिहा, पण हाक मारताना कधी 'सये' म्हणा. आपल्या गाण्यांतून मैत्रिणीला हाक येते ती याच रूपात.